जांभूळमाळावर थांबायचं नाही

मी शिकवत असताना कुणी मध्ये बोललेलं मला खपत नसे. प्रश्न असतील ते शेवटी, असं पहिल्याच दिवशी बजावायचो, आणि शेवटी मला घाई असायची. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं त्याहून गरम. या दोन गोष्टींपायी नऊ माणसं बुडाली आणि पुंजा नावाच्या एका चांगल्या माणसावर निष्काळजीपणाचा आळ आला. सगळी चौकशी माझ्या जबानीवर येऊन अडली होती. मी काय बोलतो त्यावर पुंजा घरी जातो की आत, हे ठरणार होतं.

म्हणून नीट पहिल्यापासून सांगतो.

मी जयराम पगारे. मुंबई बंदरात अकरा वर्षं लाँचवर काढली, आधी खलाशी, मग ड्रायव्हर. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा नाशिकला परत आलो आणि सातपूरच्या एका कारखान्यात डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीला लागलो. चौऱ्याऐंशी साली धरणाच्या खात्याचे एक साहेब मला शोधत आमच्या कॉलनीत आले. आंबेघळच्या धरणावर नवी लाँच येणार होती. फायबरची, दोन इंजिनांची, चाळीस माणसं बसतील अशी. जुन्या लाकडी बोटीला पलीकडे जायला सव्वा तास लागायचा, ही वीस मिनिटांत जाणार होती. चालवायला माणसं जुन्या बोटीवरचीच ठेवायची होती, पण त्यांना वेगाच्या बोटीचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना महिनाभर सुरक्षेचं शिक्षण द्यायचं, परीक्षा घ्यायची आणि सर्टिफिकेटावर सही करायची, असं ते काम. कारखान्याकडून माझ्या सुट्टीची सोय साहेबांनी केली. मी छाती फुगवून हो म्हणालो. नाशकात पाण्यातलं कळणारा माणूस म्हणजे मीच, असं मला वाटायचं.

आंबेघळ सुरगाण्याच्या अंगाला. एस.टी. सोडली की पुढे आठ किलोमीटर जीप, तीही भरली तर सुटणार. धरण एकोणसत्तरला भरलं तेव्हा डोंगराच्या बेचक्यातलं जांभूळमाळ हे गाव पाण्याखाली गेलं. माणसं पलीकडच्या उतारावर पाडे करून राहिली. दवाखाना, बाजार, रेशन सगळं अलीकडे आणि मध्ये पाणी. बोट नसेल तर डोंगराला वळसा घालण्यात अख्खा दिवस मोडायचा.

बोटीवर माणसं दोनच. पुंजा ड्रायव्हर, पस्तिशीचा, काटक, बोलायला हळू. मंगळू खलाशी, दोर टाकायचा, माणसं चढवायची-उतरवायची. दोघंही बुडालेल्या जांभूळमाळचे. ते मला मास्तर म्हणायचे. अरे बाबांनो, मी मास्तर नाही, असं मी दहा वेळा सांगून पाहिलं. तरी मास्तरच.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जुन्या बोटीतून पलीकडे गेलो. लोक कसे चढतात, कुठे बसतात, ते मला बघायचं होतं. अर्धं पाणी कापलं आणि पुंजानं इंजिन बंद केलं. मला वाटलं डिझेल संपलं. बोट आपसूक पुढे सरकत सरकत जागेवर उभी राहिली. मग मंगळूनं कुणाचं तरी नाव घेतलं. चार-पाच माणसं उठली, डाव्या काठाला गेली, पदराच्या गाठीतून, खिशातून चिमूटभर नागली, म्हणजे नाचणी, काढून त्यांनी पाण्यात टाकली आणि हात जोडले. मग दुसरं नाव, मग दुसरी माणसं. खाली त्यांचं गाव होतं. गावदेवाचा दगड तिथेच राहिला होता, तो जागेवरून हलवायचा नसतो म्हणे. येता-जाता त्याला नागली द्यायची, गावाला भेटायचं आणि मग पुढे निघायचं.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मला दिसलं ते एवढंच, की माणसं बोटीत उभी राहतात आणि एका अंगाला जातात. ज्यानं बोटीवर दिवस काढलेत त्याला हे बघवत नाही. त्यातून देवाचा मामला. छप्पन साली माझ्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून गोदावरीत सोडले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि टोपली मी धरली होती. दगडाला हात जोडणाऱ्याची आमच्या घरात कीव केली जायची. तीच कीव घेऊन मी त्या बोटीत बसलो होतो, खोटं कशाला बोलू. खिशातली वही काढून लिहिलं: प्रवासी मध्येच उभे राहतात, ताबडतोब बंद करणे.

शिक्षणाचा महिना तसा चांगला गेला. काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी शिकवायचो आणि दुपारी पाण्यावर. आग लागली तर आधी डिझेलचा कॉक बंद करायचा, मग वाळू. पाण्यात माणूस पडला तर बोट त्याच्यावर न नेता वाऱ्याच्या बाजूनं जवळ आणायची. त्यासाठी पेंढा भरलेलं एक पोतं आम्ही पाण्यात टाकायचो आणि मंगळूनं ते दोर फेकून काढायचं. माणसं चढताना मोजायची, उतरताना मोजायची. लाइफ जॅकेटच्या नाड्या कशा बांधायच्या, ते मी त्यांच्याकडून डोळे मिटून करून घेतलं. पोरं हुशार होती. मुंबईत मी शिकवलेल्या कित्येकांपेक्षा यांचा हात चांगला होता.

सगळ्यात जास्त वेळ मी वेग कमी-जास्त करायच्या लीव्हरवर घालवला. वेगाची बोट स्वतःच्याच लाटेवर चढून पळते. लीव्हर एकदम मागे ओढला की ती धप्पकन खाली बसते आणि मागची लाट येऊन तिला ढुंगणाकडून उचलते. तेव्हा आतली माणसं उभी असली, एका बाजूला असली, तर संपलं. म्हणून लीव्हर मागे घ्यायचा तो दहा आकडे मोजत. पुंजा ओठांतल्या ओठांत मोजायचा. जुन्या बोटीवर पंधरा वर्षं त्याला एकच सवय होती, थांबायचं म्हटलं की खटकन इंजिन बंद. ती मोडायला मला दोन आठवडे लागले. मोडली असं मला वाटलं.

मग आला जांभूळमाळाचा विषय. शेडमध्ये फळ्यावर मी लिहिलं, प्रवाशांना उभे राहू देऊ नये. आणि तोंडानं सांगितलं, "आता हे कसं करायचं, तर जांभूळमाळावर थांबायचं नाही. इंजिन बंद करायचं नाही, वेग कमी करायचा नाही. बोट जोरात असली की माणूस आपोआप बूड टेकून बसतो."

पुंजानं हात वर केला. "मास्तर, पण तिथं आमचं घराघरानं..."

"प्रश्न शेवटी."

शेवटी त्यानं पुन्हा तोंड उघडलं. बाहेर जीप भरत आली होती आणि ती चुकली तर रात्र तिथेच. मी फळा पुसत पुसत म्हणालो, "पुंजा, तुला चाळीस माणसं जिवंत पलीकडे न्यायचीत की दगडाला नागली घालायचीय? काय ते एक सांग."

मंगळू खाली बघायला लागला. पुंजानं मान हलवली आणि फळ्यावरचा नियम मी वहीत लिहिला होता त्याच्याखाली सही केली. सही करायला तो त्याच महिन्यात शिकला होता, आणि करताना त्याची जीभ बाहेर यायची. महिन्याच्या शेवटी मी दोघांना पास केलं.

सप्टेंबरात लाँच सुरू झाली. ऑक्टोबरात मी तपासणीला गेलो. माणसं रांगेनं चढली, मंगळूनं मोजली, जॅकेटं बाकांखाली होती, आग विझवायचं नळकांडं जागेवर होतं. जांभूळमाळावरून आम्ही सुसाट निघालो. माझ्या शेजारी भागीबाई बसली होती. बुडालेल्या गावातली सगळ्यात म्हातारी बाई, जुन्या बोटीत पहिली नागली टाकायचा मान तिचा असायचा. तिनं बसल्या जागेवरून मूठ उघडली. वाऱ्यानं नागली मागे आली, तिच्या मांडीवर आणि माझ्या तोंडावर.

मी हसलो. म्हणालो, "आजी, आता देवाला पोस्टानं पाठवत जा."

बोटीत कुणी हसलं नाही. भागीबाईनं लुगड्यावरचा दाणा दाणा वेचला आणि परत गाठीत बांधला. मी वहीत शेरा लिहिला, शिस्त उत्तम.

डिसेंबरात, दुपारी दोनच्या सुमाराला, कारखान्यात फोरमनच्या टेबलावर फोन आला. लाँच उलटली. मी अंगावरच्या डांगरीतच निघालो. पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता आणि काठावर एका ओळीत आठ जण झाकून ठेवले होते. नववा, एक लहान मुलगा, दुसऱ्या दिवशी सापडला.

मंगळू शेडच्या भिंतीला टेकून बसला होता, ओल्या कपड्यांत. मी त्याला डांगरीखालचा शर्ट काढून दिला. त्यानं तो घेतला, पण घातला नाही. मग मी विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मध्ये न बोलता ऐकत राहिलो.

नवी नागली घरात आली की पहिला घास गावदेवाचा. त्याला दिल्याशिवाय घरात कुणी नवी भाकरी थापत नाही. यंदा लाँच थांबत नव्हती, म्हणून पंधरा दिवस नवं धान्य कणगीत तसंच पडून होतं आणि माणसं जुनं, किडकं खात होती. त्या दिवशी बाजाराचा वार. चौतीस माणसं होती, चाळीसपेक्षा कमीच. सगळ्यांच्या गाठीला नवी नागली. जांभूळमाळ आलं आणि भागीबाई उभी राहिली. ती उभी राहिली म्हटल्यावर सगळेच उठले आणि डाव्या अंगाला गेले.

"आधी असं नव्हतं होत मास्तर," मंगळू म्हणाला. "आधी बोट पुरती उभी राहायची. मग मी एका घराचं नाव घ्यायचो. तेवढंच घर उठायचं. ते बसलं की दुसरं. पाचाच्या वर माणूस कधी उभा नाय केला. पंधरा वर्षांत कोणाचा पाय भिजला नाय."

पुंजानं मागे वळून बघितलं तर सगळी माणसं उभी. त्यानं लीव्हर ओढला. मोजला नाही. पंधरा वर्षं त्या जागेवर जे केलं तेच हातानं केलं. बोट बसली, मागून लाट आली आणि ती डावीकडे पालथी झाली. जॅकेटं बाकांखालीच राहिली. पुंजानं एकट्यानं अकरा माणसं पाण्यातून काढली. बारावी त्यानं काढली ती चिमणाबाई, त्याची बायको, आणि ती गेलेली होती. भागीबाईही गेली.

म्हणजे पुंजाला शेडमध्ये जे सांगायचं होतं ते हे होतं. माझ्या नियमाआधी त्यांच्याकडे एक नियम होता, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता. बोट पूर्ण थांबवायची आणि माणसं घराघरानं उठवायची. यापेक्षा सुरक्षित मला मुंबई बंदरातही कुणी शिकवलं नव्हतं. मी तो मोडला आणि त्याच्या जागी वेग ठेवला.  

पुंजाला त्याच दिवशी पोलीस घेऊन गेले, पाच दिवसांनी जामिनावर सोडलं. खात्याची चौकशी जानेवारीत नाशिकला लागली. तिचा अहवाल पोलिसात जाणार आणि त्यावर खटला उभा राहणार किंवा राहणार नाही. चौकशीच्या आदल्या रविवारी तेच साहेब पुन्हा आमच्या घरी आले, ज्यांनी मला हे काम दिलं होतं. चहा घेतला. म्हणाले, "पगारे, तुम्हाला एकच विचारतील. वेगात लीव्हर एकदम ओढायचा नाही, हे शिकवलं होतं का, आणि ड्रायव्हरची त्यावर सही आहे का. आहे ना? मग झालं. जेवढं विचारतील तेवढंच बोला. तुमचं शिक्षण चोख होतं."

चोख हा शब्द ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. दोन मिनिटं तरी वाटलं.

साहेब गेल्यावर विमलानं कपबश्या उचलल्या. माझी बायको फार बोलत नाही, पण बोलली की लागतं. "त्या बाईचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, चिमणाबाई. "तिच्या नवऱ्याला आत घालून तुम्ही रात्री झोपणार कसे, ते मला आत्ताच सांगा. म्हणजे मी माझं अंथरूण माळ्यावर टाकते."

"अगं, मी सांगणारच आहे."

"मग त्या माणसाला चहा कशाला पाजलात?" ती म्हणाली आणि मोरीकडे गेली.

खरं सांगायचं तर तिला तसं म्हणालो तरी माझं ठरलं नव्हतं. सांगितलं तर खात्याचं काम जाणार, कदाचित खटला माझ्यावर येणार, कारखान्यातली नोकरीही जाईल. दोन दिवस मी या कुशीवरून त्या कुशीवर झालो. तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घातला आणि निघालो.

कचेरीच्या व्हरांड्यात पुंजा आणि मंगळू बाकावर बसले होते. पुंजा निम्मा झाला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "पुंजा, मी आज सगळं सांगणार. थांबायचं नाही असं मी सांगितलं होतं, तू बोलायला लागलास तर मी बोलू दिलं नाही, सगळं. ते काही कागदावर नाही. तेव्हा तुला विचारतील, खरं का म्हणून. तू फक्त हो म्हण. बाकी माझ्यावर सोड."

 तो म्हणाला, "चहा घेतला का, मास्तर?"

आत लांब टेबल. चौकशी अधिकारी बाहेरून आलेले होते, पांढऱ्या केसांचे, सभ्य. साहेबांनी सांगितलं होतं तेच त्यांनी विचारलं. लीव्हरचा नियम शिकवला होता का? होय. ड्रायव्हरला तो समजला होता का? होय. ही सही त्याचीच का? होय. ते म्हणाले, बसा. मी बसलो नाही.

मी बोललो. उभ्या उभ्या, मोठ्या आवाजात. जुन्या बोटीत काय होतं, घराघरानं कसं उठायचे, मी काय बघितलं आणि काय बघितलं नाही. वेग कमी करायचा नाही, असा हुकूम माझा होता. तो नसता तर पुंजा नेहमीसारखा लांबूनच इंजिन बंद करत आला असता, बोट उभी राहिली असती, मंगळूनं नावं घेतली असती आणि नऊ माणसं आज नवी नागली खात असती. पुंजाचा हात चुकला तो मी चुकीच्या जागी आणून ठेवल्यामुळे चुकला.  खात्याचे साहेब छताकडे बघत होते.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे लेखी आहे का कुठे?"

मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. "इथे एवढंच आहे, की प्रवाशांना उभे राहू देऊ नये. हा तर योग्यच नियम आहे. थांबू नका, असं कुठे आहे?"

"ते मी तोंडी सांगितलं होतं."

"कुणासमोर?"

"या दोघांसमोर."

मंगळूला उभं केलं. तो पुंजाकडे बघत राहिला. पुंजानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मंगळू म्हणाला, "मला आठवत नाय, साहेब."

मग पुंजाला. अधिकारी त्याच्याशी चांगले बोलले. म्हणाले, "घाबरू नकोस. तुझ्या फायद्याचं आहे. जांभूळमाळावर थांबू नकोस असं यांनी तुला सांगितलं होतं का?"

"नाय."

"नीट आठव."

"नाय सांगितलं. मास्तरांनी शिकवलं ते बराबर होतं. दहा मोजायचं सांगितलं होतं. मी मोजलं नाय. लीव्हर माझ्या हातानं ओढला."

मी ओरडलो, "पुंजा, खोटं कशाला बोलतोस?" शिपायानं माझ्या दंडाला धरलं. अधिकाऱ्यांनी मला बसायला सांगितलं आणि टंकलेखकाला सांगितलं, की साक्षीदार पगारे यांच्या विधानाला दुजोरा मिळाला नाही. टाइपरायटरवर ते वाक्य उमटायला दहा सेकंदंही लागली नाहीत.

व्हरांड्यात मी त्याला गाठलं. खांद्याला धरून भिंतीशी उभं केलं. मंगळू मध्ये पडायला आला, पुंजानं त्याला हातानं थांबवलं. मी विचारलं, "का? मी माझी मान अडकवायला तयार होतो, तर तू तुझी का घातलीस?"

तो सावकाश बोलला, नेहमीसारखा. मी मध्ये तोंड उघडलं नाही.

"आमच्याकडं कोणाच्या हातनं माणूस मेला तर त्यानं शिक्षा घ्यायची असते, मास्तर. घेतली की त्याला परत पंगतीला बसवतात. नाय घेतली तर त्याच्या दारचं पाणी कोणी पीत नाय. माझी नऊ माणसं हायेत. पंच बसले होते. ते म्हणले, एवढ्याला आमच्याकडं शिक्षाच नाय, सरकार देईल ती घे आणि ये. भागीबाईच्या पोरानं पण तेच म्हणलं. आता सरकारनं मला तसंच सोडलं, तर मी जाऊ कुठं? माझी पोरगी आठ वर्षांची हाय. आता ती भागीबाईच्या सुनेकडं जेवती. मी शिक्षा घेऊन येणार म्हणून ते तिला जेवू घालतात. तुम्ही मला सोडवलं असतं तर ते बंद झालं असतं."

"पण तुझी चूक नव्हती."

"लीव्हर माझ्या हातात होता. चिमणा माझ्याकडं बघत होती." मग म्हणाला, "तुमची चूक नाय असं मी म्हणत नाय, मास्तर. तुमची हाय. पण ती मला घरी घेऊन जाता येत नाय."

 मग माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "मग माझं काय?"

त्यानं ते खरोखर मनावर घेतलं. कपाळाला आठ्या घालून त्यानं विचार केला, पाण्यातल्या पोत्याजवळ बोट कुठून न्यायची याचा करायचा तसा. मग विचारलं, "तुमच्यात काय असतं?"

"आमच्यात असं काही नसतं."

"मग तुम्ही घरी जा," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच. मंगळूनं पिशवी उचलली आणि दोघं स्टँडकडे चालू लागले, कारण पाचची सुरगाणा गाडी चुकवून चालणार नव्हतं.

पुढे कोर्टातही त्यानं हेच सांगितलं. मी तिथेही बोलायला गेलो, पण सरकारी वकिलानं माझं नावच साक्षीदारांतून काढलं होतं. पुंजाला दोन वर्षं झाली. माझ्यावर काही झालं नाही. कारखान्यात कुणी विचारलं नाही, खात्यानं काम काढून घेतलं नाही, उलट माझ्या शिक्षणात त्रुटी नव्हती असं अहवालात छापून आलं.

चौकशीच्या त्या दिवशी मात्र, कचेरीतून, मी घरापर्यंत चालत गेलो. बस होती, तरी चालत गेलो. विमला स्वयंपाक करत होती. तिनं वळून विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. सगळं."

"मग?"

"पुंजा नाही म्हणाला. तो आत जाणार."

 तिनं तवा उतरवून ठेवला. मग ताट वाढलं, कारण वाढायची वेळ झाली होती. मेथीची भाजी आणि भाकरी. मला वाटलं होतं घशाखाली काही उतरणार नाही. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि इतका चालून आलो होतो. मी बसलो, हात धुतला आणि जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या, आणि तिसरी मागितली.